के३ लहान आला म्हणून मोजमाप चुकलं असं नाही, पण थांबा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहात. तुमच्याच विभागातल्या रसायनवाल्यांनी बनवलेला पाच कड्यांचा, मध्ये वाकलेला रेणू तुमच्याकडे आहे आणि त्याच्या नेमॅटिक अवस्थेत (द्रवस्फटिकाची ती अवस्था, जिथे रेणू वाहतात पण साधारण एकाच दिशेला रोखलेले असतात) तुम्ही इलॅस्टिक कॉन्स्टंट मोजताय, म्हणजे ती दिशा वाकवायला किती जोर लागतो ते. ९ मायक्रॉनचा प्लेनर सेल, म्हणजे दोन काचांमध्ये काचेला समांतर, आडवे रेणू. डायलेक्ट्रिक अ‍ॅनायसोट्रॉपी (रेणूंच्या लांबीच्या आणि आडव्या दिशेने विद्युत क्षेत्राला मिळणाऱ्या प्रतिसादातला फरक) धन, पण जेमतेम ०.८. थ्रेशोल्ड, म्हणजे रेणू वळायला लागतात ते व्होल्टेज, २.६ व्होल्ट. त्यावरून स्प्लेचा (पंख्यासारख्या पसरण्याचा) के१ सुमारे ४.९ पिकोन्यूटन आणि पुढच्या वक्राच्या फिटवरून बाकाचा के३ २.१ पिकोन्यूटन आला. गाइडचं म्हणणं, के३ हा के१ पेक्षा मोठाच असतो, फिट तपासा. शिवाय व्होल्टेज काढल्यावर सेल स्थिरावायला दोन-दोन सेकंद लागतात, म्हणून पदार्थच खराब आहे अशी शंका. चूक कुठे आहे, असं तुम्ही विचारलंय.

तुमच्या सरांशी भांडायच्या आधी एक सांगतो. ते म्हणतात ते सरळ, काठीसारख्या रेणूंसाठी बरोबर आहे. आपली सगळी अंतःप्रेरणा ५सीबी या काठीसारख्या सायनोबायफिनाइल रेणूवर आणि त्याच्या भावंडांवर पोसलेली आहे. इंग्लंडमध्ये हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटाने १९७३ च्या सुमारास सायनोबायफिनाइल आणले आणि पुढची कितीतरी वर्षं द्रवस्फटिक म्हणजे तेच. ५सीबीमध्ये २५ अंशांच्या आसपास के१ सुमारे ६, पिळाचा के२ ३ ते ४ आणि के३ सुमारे ८ पिकोन्यूटन. पाठ्यपुस्तकातला क्रम इथूनच डोक्यात बसतो. वाकड्या रेणूंमध्ये मात्र के३ के१ पेक्षा लहान मिळणं हा आता नियम म्हणावा इतका नेहमीचा अनुभव आहे. त्यामुळे तुमच्या निकालाची दिशा मला मुळीच खटकत नाही. आकड्याबद्दल मात्र मी तेवढा निर्धास्त नाही. दोन्ही गोष्टींची कारणं वेगळी आहेत, म्हणून वेगवेगळी सांगतो.

आधी दिशा. बाजारातून आणलेली केळ्यांची फणी डोळ्यांसमोर आणा. सगळी केळी एकाच बाजूला वाकलेली असल्यामुळे एकमेकांत बसतात, आणि पूर्ण फणीलाच एक बाक असतो. आता त्याच जागी सरळ काठ्या आहेत असं समजून त्यांच्या जुडीला बाक द्यायचा प्रयत्न करा. प्रत्येक काठी शेजारणीला अडते, म्हणून जोर लागतो, म्हणून के३ मोठा. वाकड्या रेणूंना हा जोर लागत नाही. नेमॅटिकमध्ये नुसते पडलेले असताना त्यांच्या कमानी सगळीकडे सारख्याच फिरलेल्या असतात. पण डायरेक्टरला (रेणूंच्या सरासरी दिशेला) थोडा बाक दिला की रेणू स्वतःच्या लांब अक्षाभोवती फिरून आपली कमान त्या बाकाशी जुळवून घेतात. त्या जुळण्यातून थोडी ऊर्जा परत मिळते आणि बाक स्वस्त पडतो. जुळलेल्या कमानींमुळे तिथे थोडं ध्रुवीकरणही तयार होतं. फ्लेक्सोइलेक्ट्रिसिटीशी (आकार वाकवल्यावर ध्रुवीकरण तयार होण्याशी) या सगळ्याचं नातं आहे ते इथे.

हे फक्त चित्र नाही. २००० मध्ये अमेरिकेत केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या रोझेनब्लाट यांच्या गटाने साध्या नेमॅटिकमध्ये इंग्रजी व्हीच्या आकाराचे रेणू मिसळून बाकाचा स्थिरांक कसा खाली येतो ते दाखवलं. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत मधुसूदन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अशाच मिश्रणांत आणखी विचित्र गोष्ट पाहिली: स्थिरांकांचं तापमानाबरोबरचं वागणंच उलटसुलट. साध्या नेमॅटिकमध्ये थंड करत गेलं की सुव्यवस्था वाढते आणि तिन्ही के तिच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतात. वाकड्यांच्या बाबतीत के३ हा नियम पाळेलच असं नाही. हैदराबाद विद्यापीठातही शुद्ध वाकड्या रेणूंवर अशी मोजमापं झाली आहेत. म्हणजे संदर्भ शोधायला तुम्हाला फार लांब जायला नको.

याचं टोक पाहायचं असेल तर सीबी७सीबी पाहा. दोन सायनोबायफिनाइल, मध्ये सात कार्बनांची साखळी. सात हा आकडा विषम, म्हणून रेणू एकूण वाकडा. हा सुमारे ११६ अंशांना नेमॅटिक होतो आणि सुमारे १०३ अंशांना ट्विस्ट-बेंड अवस्थेत जातो. त्या संक्रमणाजवळ के३ १ पिकोन्यूटनच्याही बराच खाली जातो. के३ शून्याखाली गेला तर नेमॅटिक आपणहून वाकेल, हे इव्हान दोझोव्ह यांनी २००१ मध्येच मांडलं होतं. नुसत्या बाकाने मात्र जागा भरता येत नाही, म्हणून तो पिळाशी हातमिळवणी करतो आणि सुमारे ८ नॅनोमीटर अंतराचा मळसूत्रासारखा आकार तयार होतो. २०१३ मध्ये तो प्रत्यक्ष दिसला. तुमचा पदार्थ तिथवर जाईल असं मी म्हणत नाही. सांगायचं इतकंच की २.१ हा आकडा या जगात काही अचाट नाही.

आता आकडा. माझी खरी शंका इथे आहे आणि तिचं मूळ तुमच्या प्रश्नाच्या शेवटच्या वाक्यात आहे. तुम्ही लिहिलंय, 'प्रत्येक ०.०५ व्होल्टला दोन सेकंद थांबून कपॅसिटन्स नोंदवला.' आणि त्याच्या आधी लिहिलंय की सेल स्थिरावायला दोन सेकंद लागतात. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा.

व्होल्टेज काढल्यावर डायरेक्टर परत यायला लागणारा काळ म्हणजे घूर्णन श्यानता (रेणू फिरताना द्रव करतो तो अडथळा) गुणिले जाडीचा वर्ग, भागिले के१ गुणिले पायचा वर्ग. तुमच्या ९ मायक्रॉनमध्ये ५सीबी भरला असता तर हा काळ ०.११ सेकंद आला असता, कारण त्याची घूर्णन श्यानता सुमारे ०.०८ पास्कल-सेकंद आहे. तुमचे दोन सेकंद म्हणजे श्यानता सुमारे १.२ पास्कल-सेकंद, पंधरापट. पदार्थ खराब असल्याचं हे लक्षण नाही. केंट स्टेट विद्यापीठातल्या गटाने एका वाकड्या रेणूच्या श्यानता मोजल्या तेव्हा त्या साध्या नेमॅटिकच्या कैक पट भरल्या होत्या.

पण व्होल्टेज चढवताना गणित आणखी बिघडतं. थ्रेशोल्डच्या किंचित वर चालणारा जोर आणि परत खेचणारी लवचिकता जवळजवळ बरोबरीत असतात, त्यामुळे डायरेक्टर फार हळू हलतो. वरचा काळ भागिले (व्होल्टेज आणि थ्रेशोल्ड यांच्या गुणोत्तराचा वर्ग वजा एक), असं ते सूत्र आहे. तुमचे आकडे घालतो. २.६५ व्होल्टला हा काळ सुमारे ५० सेकंद. २.९ ला सुमारे ८ सेकंद. ५.२ व्होल्टला, म्हणजे थ्रेशोल्डच्या दुप्पट, पाऊण सेकंदापेक्षाही कमी. तुम्ही सगळीकडे दोनच सेकंद थांबलात. म्हणजे थ्रेशोल्डजवळ डायरेक्टर अजून अंग झाडतोय तोवर तुम्ही पुढचं व्होल्टेज दिलंत, आणि वरच्या टोकाला मात्र तो तुम्हाला येऊन गाठतो.

याचा वक्रावर काय परिणाम होतो ते कागदावर काढून पाहा, लगेच पटेल. चढण उशिरा सुरू होते, म्हणून थ्रेशोल्ड वर सरकलेला दिसतो आणि के१ फुगतो. खरा थ्रेशोल्ड २.४ असेल तर के१ ४.९ नाही, ४.२ च्या आसपास. आणि उशिरा सुरू झालेली चढण वरच्या भागात योग्य जागी येऊन मिळायची असल्यामुळे मधला भाग उभा होतो. उभी चढण म्हणजे फिट करणाऱ्या प्रोग्रॅमच्या भाषेत के३ भागिले के१ लहान. तुम्ही शोधताय तोच परिणाम घाईनेही तयार होतो! म्हणूनच हे प्रकरण गुंतागुंतीचं आहे: तुमचा निष्कर्ष बहुधा खरा असेल, पण तुमची नोंद अजून त्याचा पुरावा होत नाही. सरांची शंका कारणापुरती चुकीची, पण शंका घ्यायला जागा आहे.

वाकड्या रेणूंवर काम करताना हे डोक्यात पक्कं बसवा. श्यानता मोजायला आपण नंतर बसतो, पण ती लवचिकतेच्या आकड्यात आधीच शिरलेली असते. ५सीबीवर शिकलेला माणूस इथे हमखास फसतो, कारण तिथे दोन सेकंद म्हणजे भरपूर.

माझ्या लॅबमध्ये काय चालतं ते सांगतो. थ्रेशोल्डच्या अलीकडे-पलीकडे दहा टक्क्यांच्या पट्ट्यात प्रत्येक बिंदूला निदान तीन-चार मिनिटं. घड्याळावर मात्र आम्ही थांबत नाही. कपॅसिटन्स वेळेबरोबर बदलायचा थांबला की मगच पुढे. मग तोच वक्र वरून खाली येताना घ्यायचा. चढतीचा आणि उतरतीचा वक्र एकमेकांवर बसला तरच फिट करायला बसायचं. मध्ये फट राहिली तर ती फट म्हणजेच तुमची चूक, आणि ती किती हेही लगेच कळतं. एका तापमानाला दोन-तीन तास जातात. कंटाळवाणं आहे, मान्य आहे. एकदा एका विद्यार्थ्याने रात्रभर ऑटोमॅटिक स्वीप लावून ठेवला आणि सकाळी हीटरच्या कंट्रोलरने अर्ध्या अंशाने झोका घेतलेला निघाला. म्हणून तापमानाचा आलेखही बरोबर नोंदवा.

दुसरी कसोटी वारंवारतेची. तुमच्या ०.८ मध्ये ०.१ ची चूक असेल तर के१ आणि के३ दोन्हीत तेवढीच, म्हणजे बारा टक्क्यांची चूक थेट उतरते. वाकड्या रेणूंमध्ये डायलेक्ट्रिक रिलॅक्सेशन (वेगाने बदलणाऱ्या क्षेत्रामागे रेणू मागे पडणं) बऱ्याचदा किलोहर्ट्झच्या टापूतच येतं, काहींमध्ये तर अ‍ॅनायसोट्रॉपीचं चिन्हच बदलतं. तेव्हा १ किलोहर्ट्झ आणि ५ किलोहर्ट्झ अशा दोन ठिकाणी सगळं नव्याने करा. थ्रेशोल्ड बदलेल, अ‍ॅनायसोट्रॉपी बदलेल, पण के१ तोच यायला हवा. वारंवारता कितीही असली तरी लवचिकतेला तिचं काही देणंघेणं नसतं. तो बदलला तर गडबड आयनांत आहे, अलाइनमेंटच्या थरात आहे किंवा वक्राच्या वरच्या टोकाच्या एक्स्ट्रापोलेशनमध्ये आहे. आणि हो, थ्रेशोल्ड गोलसर, धूसर दिसत असेल तर प्रीटिल्ट (काचेवर रेणूंचा सुरुवातीचाच थोडा कल) तपासा. तो के१ कमी दाखवतो.

के३ साठी शक्य असेल तर दुसरी भूमिती वापरा. होमिओट्रॉपिक सेल (रेणू काचेवर उभे) आणि चुंबक: तिथे थ्रेशोल्ड थेट के३ वर अवलंबून असतो, फिटच्या शेपटावर नाही. वाकडे रेणू काचेवर उभे राहायला नाखूश असतात हे खरं, त्यामुळे चांगला सेल मिळायला चार-पाच प्रयत्न लागतात. पण एखाद्या तापमानाला जरी दोन्ही मार्गांनी सारखा के३ आला तर सरांपुढे बोलायला तुमच्याकडे काहीतरी भक्कम असेल. के२ चा हट्ट सध्या धरू नका. सूक्ष्मदर्शकात थ्रेशोल्डजवळ समांतर पट्टे उमटतात का तेवढं मात्र बघा. के१ हा के२ च्या साधारण ३.३ पटीहून मोठा झाला की सेल एकसारखा न वाकता पट्ट्यापट्ट्यांनी वाकतो. लोनबर्ग आणि मेयर यांनी १९८५ मध्ये हे दाखवलं. तसं होत असेल तर तुम्ही वापरताय ते सूत्रच लागू नाही.

आता श्यानतेकडे. तुम्ही 'दोन सेकंद' कशावरून काढलेत ते लिहिलेलं नाही. लेझर आणि पोलरायझरमधून फेजचा क्षय घेतला असेल, किंवा कपॅसिटन्सचा, तर तो डायरेक्टरच्या कोनाच्या वर्गावर चालतो. म्हणजे त्याचा काळ कोनाच्या काळाच्या निम्मा असतो. मग तुमचे दोन सेकंद हे खरे चार आणि वर मी काढलेली सगळी प्रतीक्षा दुप्पट. या दोनाच्या घोळाने छापील लेखांतही लोकांना फसवलेलं मी पाहिलंय. शिवाय क्षय फक्त शेवटच्या भागात, कोन लहान झाल्यावरच, एका घातांकाने जातो. सुरुवातीला द्रवाच्या प्रवाहाचाही हात असतो. थ्रेशोल्डच्या थोडंसंच वरून सोडा, लॉग घ्या, शेपूट सरळ रेषेत आहे का ते पाहा.

आणि या श्यानतेच्या आकड्यात के१ आहे, हे विसरू नका. के१ पंधरा टक्के चुकला तर श्यानताही तेवढीच चुकते. फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या पद्धतीत के लागतच नाही, म्हणून तशी सोय कुठे मिळत असेल तर एक दिवस मागून घ्या.

श्यानता इतकी का, यावर तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण मला विचाराल तर तुमच्या प्रबंधात सगळ्यात वाचनीय प्रकरण हेच होईल. मोठा रेणू आहे, पाच कडी आहेत, तेवढी श्यानता वाढणारच. पण पंधरापट, आणि थंड करताना आणखी झपाट्याने? वाकड्या नेमॅटिकवर लहान कोनातलं एक्स-रे प्रकीर्णन केलं की बऱ्याचदा चार ठिपक्यांची आकृती दिसते. सगळीकडे नेमॅटिक असलं तरी आत कलत्या थरांचे, काही दशक नॅनोमीटरचे पुंजके असल्याची ती खूण मानली जाते. एकटा रेणू फिरवणं आणि पूर्ण पुंजका फिरवणं यात जो फरक, तोच श्यानतेत दिसतो. तुमच्याकडे लॉग श्यानता विरुद्ध एक भागिले तापमान असा आलेख असेल तर तो पाहा. पूर्ण पल्ल्यात सरळ रेषा असेल तर पुंजक्यांवर फार भर देऊ नका. खालच्या तापमानाला रेषा वर वळत असेल तर एक्स-रेचा दिवस मागायला ते पुरेसं कारण आहे.

पुंजके ही मात्र थोडी सोयीची गोष्टही झाली आहे. जे समजत नाही ते पुंजक्यांवर ढकलायचं, अशी सवय आमच्या क्षेत्राला लागलीय. २००६ मध्ये अशाच एका पदार्थात फ्लेक्सोइलेक्ट्रिक गुणांक नेहमीच्या हजारपट असल्याचं प्रसिद्ध झालं तेव्हा खळबळ उडाली होती. नंतर दुसऱ्या पद्धतींनी मोजणाऱ्यांना साधेच, नेहमीच्या पातळीचे आकडे मिळाले. पद्धत बदलली की आकडा हजारपटीने बदलतो असा हा प्रांत आहे. म्हणून मी दोन भूमिती, दोन वारंवारता असा एवढा धोशा लावतोय.

माझी स्वतःची एक फजिती सांगतो, म्हणजे पदार्थ खराब झाल्याची तुमची शंका मी अगदीच उडवून लावत नाही हे कळेल. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शिफ बेसवर (इमाइनचा जोड असलेल्या रेणूवर) मी आठवडाभर मोजमापं केली. के३ दर दिवशी थोडा कमी येत होता आणि मी त्यात मोठा शोध पाहत होतो. परिषदेला सारांशसुद्धा पाठवला. मग सहज म्हणून स्वच्छ होण्याचं तापमान (नेमॅटिकचा साधा द्रव होतो ते संक्रमण) पुन्हा पाहिलं, तर ते चार अंशांनी खाली घसरलेलं. दीडशेच्या वर तास न् तास ठेवल्यामुळे रेणू तुटत होते आणि मी आकडे जुन्या संक्रमण तापमानापासून मोजत होतो. सारांश मागे घेतला. तेव्हापासून दर सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी संक्रमण तापमान वहीत लिहितो आणि तुलना नेहमी त्या तापमानापासून किती अंश खाली यावरच करतो. तुमच्या रेणूत इमाइनचा जोड असेल तर ही काळजी तुम्हालाही घ्यावीच लागेल. एस्टर असेल तर धोका कमी.

तेव्हा क्रमाने सांगायचं तर आधी त्याच सेलमध्ये संक्रमण तापमान पाहा. ते हललं नसेल तर त्यापासून १० अंश खाली एकच तापमान निवडा आणि थ्रेशोल्डभोवती मिनिटांच्या हिशोबाने थांबत चढता-उतरता वक्र घ्या. माझा अंदाज, के१ ४ ते ४.५ वर येईल आणि के३ थोडा वर सरकेल, पण के१ च्या खालीच राहील. दोन्ही वक्र एकाच आलेखावर काढून इथे टाका, आणि फेज की कोन तेही लिहा.